मधला पट्टा

२ एप्रिल, सकाळी सहा
हार्वेस्टर अंगणात उभा आहे. स्वतःचा. सेकंडहँड, पण रंग नवा. गहू पिवळाधमक झालाय. अकरा एकर म्हणजे फार तर पाच तास. उद्या आठला सुरू, एक वाजता जेवायला घरी. बायकोला तसं सांगून ठेवलं. ती "बरं" म्हणाली. तिचं हे "बरं" मला आवडत नाही.

३ एप्रिल, दुपारी एक
जेवायला घरी. वेळ पाळली. कापणी झाली नाही, ही गोष्ट वेगळी. मशीन बांधावरून आत घातलं, दहा पावलं गेलं असेल नसेल, आणि डावीकडून आवाज. रिकाम्या पत्र्याच्या डब्यावर काठी मारावी तसा. टक, टक, टक. नक्कीच बेअरिंग. मशीन परत आणलं. उगाच रिस्क कशाला.

४ एप्रिल
मेकॅनिक आला. तीन तास मशीनखाली. तीन चहा. म्हणाला, बेअरिंग लोण्यासारखं चालतंय. मी सांगितलं, आवाज अंगणात येत नाही, शेतात येतो. तर म्हणे, मग शेताचं बेअरिंग बदला. हल्ली कामाची माणसं मिळत नाहीत.

६ एप्रिल
दव. दवात कापायचं नसतं, मॅन्युअलमध्ये आहे, पान ३१. अकरा वाजता दव गेलं. तोवर माझा मूड गेला होता.

७ एप्रिल, सकाळी दहा
पुन्हा आवाज. या वेळी इंजिन बंद असताना. म्हणजे दोष इंजिनात नाही, ही समाधानाची बाब.
बाबांचा वाजवायचा पत्र्याचा डबा माळ्यावर असतो. चढून पाहिलं. डबा जागेवर, काठी जागेवर, धूळही जागेवर. मी भुताखेतांना मानत नाही. फक्त चेक केलं. उतरताना दोन पायऱ्या चुकल्या, शिडी जुनी आहे.

८ एप्रिल
एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.
बाबा विळ्याने कापणी करायचे. आदल्या दिवशी डबा वाजवत सगळं शेत फिरायचे. "निघा रे बाबांनो, उद्या कापणी आहे," असं चक्क सांगायचे. कुणाला? सशांना, लाव्यांना, त्यांच्या पिल्लांना. मग एकाच कडेने कापत जायचं आणि ओढ्याकडची बाजू मोकळी ठेवायची. मला हसू यायचं.
मागच्या वर्षी ते ताईकडे गेले असताना मी भाड्याचं मशीन आणलं. सरप्राइज. वळणं वाचावीत म्हणून चारी कडांनी गोल गोल आत. आयडिया माझी. आतले जीव मशीनपुढे सरकत सरकत मध्ये गेले. शेवटी मधला पट्टा उरला. तो हलत होता. ड्रायव्हरने मशीन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ पाहिलं आणि चल म्हणून हात केला.
बाबा संध्याकाळी आले. पाटी घेऊन त्या पट्ट्यात काहीतरी वेचत होते. मला वाटलं, ओंब्या. जवळ जाऊन पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "हाक तरी मारायची होतीस."
दोन महिन्यांनी गेले. हृदयविकार. डॉक्टरचा कागद आहे माझ्याकडे. याचा त्याच्याशी काही संबंध नाही.
लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं.

९ एप्रिल
पोट.

१० एप्रिल
पोट बरं. पण बेल्ट सैल वाटतो.

११ एप्रिल
बायकोने जमिनीवर गळालेला गहू ओंजळीत आणून माझ्या ताटाशेजारी ठेवला. आभाळ भरून येतंय, वर्षाचं धान्य उभ्याउभ्या जाईल, म्हणाली. मग म्हणाली, "दव, पोट, बेल्ट. अहो, तुम्हाला त्या पट्ट्याची भीती वाटते."
मी म्हटलं, विषय टेक्निकल आहे, तुला नाही कळायचा. मग जेवण गेलं नाही.
निश्चय: उद्या काहीही होवो.

१२ एप्रिल, सकाळी सात
नवी सिस्टीम. कापणीपूर्व तपासणी. शेतात दगड, तार काही असेल तर पाती जातील, म्हणून आधी चालून बघणं आवश्यक. डबा आणि काठी सोबत घेतोय, कारण रिकाम्या हातांनी फिरणं बरं दिसत नाही. बायकोला ओढ्याच्या बाजूला उभं करणार. काही बाहेर पडलं तर नोंद असावी.

१२ एप्रिल, संध्याकाळी सहा
शेत दोनदा फिरलो. डबा वाजवला. हाक मारायचं ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघालीच. आवाज माझा नव्हता. बायको म्हणते, तिला वाटलं मामंजीच आले, अंगावर काटा आला. मधल्या पट्ट्यात जास्त वेळ उभा राहिलो. दगड शोधत होतो.
मग एका कडेने कापणी. चार तास चाळीस मिनिटं. माझा अंदाज बरोबर निघाला. टकटक एकदाही नाही. गहू घरात आला.
बायकोला विचारलं, किती निघाले?
ती ओढ्याकडेच बघत होती. "काहीच नाही निघालं हो," म्हणाली. "निघायला राहिलंय कोण?"
मशीन धुऊन अंगणात लावलं. मग पुन्हा शेतात गेलो. मध्ये उभा राहून एक हाक मारली, सिस्टीम चेक म्हणून. ओढ्यापर्यंत सगळं मोकळं. थांबून ऐकलं. आज डबा वाजला असता तरी चाललं असतं.