बिनमिठाचं ताट

प्रिय चिमण्या,

पन्नाशीला टेकलेल्या माणसाला चिमण्या म्हणतेय म्हणून रागावू नकोस. दीड वर्षात तुला धड हाकच मारली नाही, दुसरं काही सुचेना. फोनवर तू विचारतोस, "बरी आहेस ना?" मी म्हणते, "बरी आहे." मग दोघंही फोन ठेवायची वाट बघतो. ते "बरी आहे" खोटं होतं, हे आधी सांगून टाकते.

तुझे बाबा गेल्यावर गॅस पेटायचा तो चहापुरता. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं दोनशे रुग्णांची ताटं लावलेली ही बाई, ओट्याशी उभ्या उभ्या चहात पाव बुडवून खायची. छातीत धडधड, झोपेचा पत्ता नाही. भांडं पडलं तरी अंगावर काटा यायचा. शेवटी शेजारीण दंडाला धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. शिकाऊ असताना ही पोरगी आमच्या दवाखान्यातल्या ओट्याला टेकून घाईघाईने जेवायची. माझी नाडी बघून म्हणाली, "गोळ्या देते मावशी, पण अर्धं काम तुमचं. वेळेवर बसून जेवा, भाज्या-फळं खा, चहा दोन कपांवर आणा आणि रोज तासभर झाडांत जा. या वयात मनावरचा ताण शरीर फार दिवस झाकून ठेवत नाही." मला हसूच आलं. जन्मभर ताटांवर पथ्याच्या चिठ्ठ्या चिकटवताना मी लोकांना दुसरं काय ऐकवलं?

तळ्यामागच्या झाडांत जायला लागले. पहिला आठवडा घड्याळ बघत बसले, बसची वाट बघावी तशी. मग एका सकाळी पाणकोंबडी पाच पिल्लं घेऊन गवतातून निघाली. सहावं मागे राहिलं होतं. ते पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला, आणि घड्याळ बघायचं राहूनच गेलं. त्या दिवशी घरी येऊन गाजरं चिरली, घेवडा शिजवला आणि ताट घेऊन बसून जेवले. हळूहळू झोप लागू लागली. पण खरं सांगू? बरं वाटायला लागलं तशी मला लाज वाटायला लागली. ते नाहीत आणि मी चवीने पेरू खातेय.

तिथे एक निवृत्त पोस्टमन येतात. पक्ष्यांसाठी शिट्टी वाजवतात, म्हणून सगळे त्यांना शिट्टीवाले म्हणतात. पक्षी ढुंकून बघत नाहीत, हे सोडत नाहीत. एकदा म्हणाले, "ताई, रोज मनातल्या मनात कुणाशी भांडता? ओठ हलतात तुमचे." मग मी त्यांना सगळं सांगितलं. बाबा आमच्याच दवाखान्यात, हृदय थकलेलं, अंगाला सूज, मीठ बंद. त्यांनी तुझ्याकडे खारे शेंगदाणे मागितले आणि तू गुपचूप पुडी आणून दिलीस. मला ती उशीखाली सापडली, तेव्हा अर्धी संपली होती. मी नर्ससमोर तुला काय काय बोलले! "बापाचा जीव घ्यायला निघालायस का?" असं म्हणाले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी ते गेले. शिट्टीवाल्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे मला कशाला सांगता? पत्ता चुकलाय तुमचा."

तरीही लिहायला धजले नसते. मला वाटायचं, तू माझ्यावर रागावलायस. म्हाताऱ्या माणसाला शेवटचा घास मनासारखा खाऊ दिला नाही म्हणून. तो राग मला मान्य होता. पण परवा तुझ्या नकळत सूनबाईचा फोन आला. तू जेवणात मीठ घेत नाहीस म्हणाली. कपडे अंगावर लोंबतात, भरल्या ताटावरून उठतोस. तिने फार खोदून विचारलं तेव्हा म्हणालास, "बाबांना मी मारलं. आई बरोबर बोलली होती."

चिमण्या, आई चुकीचं बोलली होती आणि तिला ते ठाऊक होतं. तू पुडी आणलीस त्याच दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं होतं, "आता फार तर चार-पाच दिवस. पथ्य सोडा, मागतील ते द्या." मी कुणाला बोलले नाही. तुलाही नाही. मला वाटलं, मी पथ्य धरून ठेवलं तर बाबाही थांबतील. दुपारी बिनमिठाचं ताट मीच नेलं, नवा रुग्ण दाखल झाल्यासारखं, चिठ्ठी लावून. त्या शेंगदाण्यांनी त्यांचं काहीही बिघडलं नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांना मनासारखं मिळालं ते तेवढंच, आणि ते तुझ्या हातून मिळालं. माझ्या हातून नाही. हे दीड वर्ष मी तुझ्यापासून लपवलं. माझ्यावर रागाव, हवं तेवढं रागाव, पण आज भाजीत मीठ घाल आणि जेव.

तुझीच, चुकलेली
आई