टोपी घातलेला भोंगा

१४ जून, सोमवार

पुन्हा टोपी! तळघरातल्या नायट्रोजनच्या खोलीत ऑक्सिजन कमी झाला की कोकलणारा भोंगा आहे. त्यावर कुणीतरी लोकरीची टोपी चढवून वरून दोरीने करकचून बांधली होती. निळी, हाताने विणलेली. म्हणजे मुद्दाम घरून आणलेली!

आल्रिकला जाब विचारला. प्रोफेसर, विभागप्रमुख, खोलीतल्या द्रव नायट्रोजनच्या टाक्या त्याच्याच. हसला. "अगं हेडविग, उगाचच बोंबलतो गं तो. कॉफी पिताना डोकं उठतं आमचं." म्हटलं, डोकं उठतंय तोवर बरं आहे, आडवे झालात तर तेही कळायचं नाही. "तू आलीस की माझी भूकच मरते," म्हणाला आणि दालचिनीचा पाव पुढे केला. खाल्ला मी. चांगला माणूस आहे, म्हणून तर धड भांडताही येत नाही.

मला या खोलीची भीती वाटते. इतकी वर्षं विद्यापीठाची सुरक्षा सांभाळतेय, काय काय पाहिलं! पण आग दिसते, आम्ल भाजतं. हा नायट्रोजन काहीच करत नाही. टाकीतून वाफ होऊन नुसता उडत राहतो आणि खोलीतला ऑक्सिजन बाहेर ढकलतो. वास नाही, खोकला नाही, गुदमरल्यासारखंही होत नाही. दोन श्वास घेतले की माणूस खाली. त्याला ओढायला दुसरा आत शिरतो, तोही खाली. दर वर्षी नव्या लोकांना घसा फोडून सांगते — कुणी पडलेलं दिसलं तरी आत जायचं नाही. सख्खी बहीण असली तरी! लोक माना डोलावतात आणि मनातून मला राक्षसीण म्हणतात.

१७ जून

बैठक. मी तीन गोष्टी मागितल्या: दाराला काच, बाहेरच्या बाजूला ऑक्सिजन कमी झाला की पेटणारा लाल दिवा, आणि त्या भोंग्याला कुणी हात लावू नये म्हणून जाळी. दिवा मिळाला. काच आणि जाळी "उन्हाळा संपल्यावर बघू". या देशात मे उजाडला की सगळंच उन्हाळा संपल्यावर! माणसं तेवढी तोवर जिवंत राहिली पाहिजेत.

२२ जून

वेंडेलाने उन्हाळ्याची पाळी मागून घेतलीय. धाकटी बहीण माझी, आल्रिकच्या विभागात तंत्रज्ञ. रिकामी इमारत तिला आवडते म्हणे. वरच्या मजल्यावर तिचे मासे, संशोधनातले. त्यांना खाऊ घालायचं, आठवड्यातून एकदा खाली जाऊन टाक्या पाहायच्या.

"एकटी खाली जाऊ नकोस."

"जुलैत दुसरं माणूस कुठून आणू? माशाला हाताला धरून नेऊ का?"

"वेंडेला, मस्करी नकोय."

"हेडविग, तू लहानपणी मला झोपाळ्यावरसुद्धा बसू द्यायची नाहीस."

खरंय ते. ती पडलीही होती त्यावरून.

२ जुलै

दिवा बसवून झाला. मी स्वतः जाऊन पाहिला. हातात धरायचा ऑक्सिजनचा मीटर दुरुस्तीला गेलाय, ऑगस्टशिवाय येत नाही. तिथलेही सगळे सुटीवर! नवा नियम दारावर चिकटवला: दिवा लाल असेल तर दार उघडायचं नाही. मीटर असल्याशिवाय तर नाहीच नाही.

उद्या मी बेटावर. आल्रिक म्हणाला, "जा गं बाई, पोह. जुलैत कुणी मरत नाही, सगळं बंद असतं."

५ जुलै

बेट. नवे बटाटे, शेपू, मुरवलेले मासे. पाणी थंडगार. झोप लागत नाही.

१० जुलै, शनिवार. बोटीत

लिहिलं नाही तर ओरडेन इथे सगळ्यांसमोर.

सकाळी धक्क्यावर दाग भेटला. इमारतींची देखभाल त्याच्याकडे, त्याचंही घर याच बेटावर. मासा सोलता सोलता सहज म्हणाला, "यंदा वीज काय वाचतेय! हवेचे पंखे जुलैभर अगदी मंद ठेवलेत."

"कुठले पंखे?"

"सगळ्या इमारतींचे. कुणी नाहीच ना तिथे."

"तळघरातले?"

सुरी हातातच राहिली त्याच्या. "अगं... अख्खी इमारत एकाच बटणावर आहे."

माणसं सुटीवर जातात, टाक्या जात नाहीत! त्या आपोआप भरतात, नायट्रोजन उडतच राहतो, आणि तो बाहेर नेणारे पंखे आम्ही झोपवून ठेवलेत. मीही असा विचार कधी केला नाही. मी! जिला झोपाळ्याची भीती वाटते!

आज शनिवार. वेंडेलाचा टाक्या पाहायचा दिवस.

फोन लावला. उचलत नाही. पुन्हा. पुन्हा. आल्रिक अजून गावातच आहे, त्याला लावला. मी काय बडबडले देव जाणे, पण या वेळी हसला नाही तो. "मीही लावतो तिला. तू शांत हो." थोड्या वेळाने त्याचा निरोप आला, "माझाही उचलत नाही." बस, एवढाच. दागने पाळीवरच्या माणसाला पंखे वाढवायला सांगितलंय, पण तो गावाबाहेर आहे, तिथे पोचून मग करणार. पोलिसांना काय सांगू, बहीण फोन उचलत नाही म्हणून या?

ही बोट चालत का नाही! वेंडेला, एवढं एकदा माझं ऐक. खाली जाऊ नकोस.

त्याच दिवशी, संध्याकाळ. गावातल्या घरी

जिवंत आहे! माझी वेंडेला जिवंत आहे!

इमारतीच्या मागच्या बाकावर बसून स्ट्रॉबेरी खात होती. मांडी घालून! मी गाडीतून उतरले ते धावतच. तिला मिठी मारली, मग एक फटका मारला, मग रडले.

"काय झालं तुला? कोण गेलं?"

"फोन कुठाय तुझा?"

"कपाटात. माशांच्या खोलीत फोन न्यायचा नाही, नियम आहे. कुणाचा नियम तो? तुझाच!" आणि हसायला लागली. सकाळपासून वरच होती, टाक्या जेवणानंतर पाहणार होती. फोन आणून दाखवला: न उचललेले बहुतेक कॉल माझे, मध्ये मध्ये आल्रिकचे.

आम्ही दोघी मिळून तळघरात गेलो, जिन्याच्या पायथ्यापर्यंतच. लाल दिवा जळत होता. भोंगा ऐकू येत नव्हता, पुन्हा टोपी चढवली असणार मेल्यांनी! काच नाही, मीटर नाही. दारावर मुठी आपटून ओरडले, "कुणी आहे का आत?" कोण असणार! वेंडेला म्हणाली, "नुसतं डोकावून बघू का?" मी तिचा दंड असा धरला की वळ उठलेत. नियम म्हणजे नियम. दाराला बाहेरून कुलूप घातलं, वर साखळी लावली. सोमवारी अग्निशमनवाले येतील मीटर घेऊन. तेवढ्यात पंखे घरघरायला लागले. जीव भांड्यात पडला.

आल्रिकला फोन केला, सापडली म्हणून सांगायला. लागला नाही. संध्याकाळच्या बोटीने बायकोकडे जाणार होता, पाण्यावर असेल. त्याची सायकल तळघराच्या उतारावर भिंतीला टेकलेली होती, टोपलीवाली. कुलूपसुद्धा लावलेलं नाही! सुटीत विसरला बहुतेक. चोरीला जाईल म्हणून वेंडेलाने ती आत आणून ठेवली.

आज झोप लागेल.

११ जुलै, रविवार

सकाळी आल्रिकच्या बायकोचा फोन आला, इंगेयर्डचा. "हेडविग, वेंडेला बरी आहे ना? काल फोन उचलत नव्हती म्हणून तिला शोधायला आल्रिक सायकलवरून निघाला, मला तसं कळवलं होतं त्याने. रात्रीच्या बोटीनेही आला नाही गं. तुम्हाला भेटला का?"

साखळीची किल्ली माझ्या कोटाच्या खिशात आहे.