सांजवातच्या नावाची रेस

३ ऑगस्ट, रविवार
चक्क रेस! आपल्या सांजवातच्या नावाची!
पुण्याच्या क्लबच्या सेक्रेटरींचा फोन. या सीझनपासून एका मोठ्या रेसला तिचं नाव — "दिवंगत सांजवातच्या स्मरणार्थ."
"अहो, ती जिवंत आहे! सकाळीच तिचे दात कानसलेत मी."
तिकडून, "अरे! आम्हाला वाटलं..."
वाटणारच. एकेकाळी पुण्यात रेस जिंकलेली, आता चोवीस वर्षांची घोडी, महूजवळच्या फार्मवर पडून. मालक वारले, मुलगा फक्त चारा पाठवतो. शहरात विजय नगरच्या क्लिनिकमध्ये आठवडाभर कुत्री-मांजरं बघायची आणि रविवारी हिच्याकडे यायचं, असं माझं चाललंय. बाकी सगळं हरी. दोन वर्षांची होती तेव्हापासून तिची देखभाल करणारा साईस.
त्याला सांगितलं. खूश होईल वाटलं होतं. खरारा थांबवून म्हणाला, "नाम तो मरने के बाद देते हैं, डॉक्टरजी."
आणि पुन्हा खरारा करू लागला.

१० ऑगस्ट
क्लबवाले म्हणतात, ट्रॉफी हरीच्याच हातून द्यायची. हरी म्हणतो, नाही! मालक गेल्यापासून अकरा वर्षांत एक रात्र तिला सोडलं नाही त्यानं.
"मैं उधर गया और ये इधर चली गई, तो?"
काही होणार नाही असं मला म्हणवेना. आई गेली तेव्हा मी जबलपूरला परीक्षेत होते.

२५ ऑगस्ट
काल सांजवातला पोटशूळ. घामानं निथळत होती, सारखी खाली बसायला बघायची. सुई दिली, नाकातून पोटात नळी घातली. पाच तास आम्ही दोघं आळीपाळीनं तिला चालवत होतो. शेवटी लीद टाकली! लिदीचा एवढा आनंद जगात कुणाला झाला नसेल. हरी तिच्या मानेत तोंड खुपसून रडला.
आज त्यानं आपणहून विचारलं, "आप रह लोगी इसके पास? चार दिन?"
"राहीन की."

१२ सप्टेंबर
हरीला पुण्याच्या गाडीत बसवलं. मानसनं स्वतःचा लग्नातला कोट दिला — बाह्या बोटांपर्यंत! नवऱ्याचा हा कोट मी कुणाला हात लावू देत नव्हते. आज बरं वाटलं.
मी फार्मवर. खाट तिच्या दारातच टाकली आहे.

१४ सप्टेंबर, रविवार
मोबाईलवर रेस बघितली, तिच्याशेजारी उभी राहून. "सांजवात स्टेक्स" असं रेसचं नाव पुकारलं आणि मी मोबाईल तिच्या कानाशी धरला. ती गाजर खात होती.
सात घोडे धावले. मग ट्रॉफी देताना हरी दिसला! ताठ उभा, पण जिंकलेल्या घोड्याकडे बघतच नव्हता. मान सारखी पलीकडे वळवत होता. काय बघत होता कोण जाणे.

१५ सप्टेंबर
हरीचा फोन. रेल्वेनं येत नाहीये — घोड्यांच्या ट्रकमधून येतोय!
"डॉक्टरजी, कल जो बछेरी आखरी आई ना, उसका पाँव सूज गया है. मालिक को अब नहीं चाहिए. मैंने माँग ली."
घोडी तीन वर्षांची आहे.