बाबांचा आउटबॉक्स आणि शिडीचं बूच

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (खरोखरचा घातला असता, पण सध्या माझी पाठ धरलीये आणि एकदा वाकले की उठवायला दोन माणसं लागतात. का, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा काय म्हणतो? काका अजून पेपर तोंडावर घेऊन झोपतात आणि विचारलं की अग्रलेख वाचत होतो म्हणतात का? इकडे सगळं ठीक. आई ठीक, बाबा ठीक, मी पाठ सोडून ठीक. फक्त बाबांचा मेलचा प्रोग्रॅम नऊ दिवस अत्यवस्थ होता. आपण फोनवर बोलतो तेव्हा बाबांचा आणि शिडीचा विषय काढायचा नाही, असा आपला चार वर्षांचा करार आहे. फोनवर तो मी पाळते. पत्राबद्दल काही ठरलेलं नाही.

तर झालं असं. मागच्या सोमवारी बाबांनी सकाळी कॉम्प्युटर लावला, मेलच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली आणि खिडकी उघडून पांढरीफटक पडली. बाबांनी वाट पाहिली. (जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढले ना त्यांनी. शाई वाळेपर्यंत कागदाला हात लावायचा नाही ही सवय. कॉम्प्युटरचीही शाईच वाळतेय असं ते धरून चालतात.) दुपारी जेवायला उठले, परत येऊन बसले. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा पडद्यावर 'प्रतिसाद देत नाही' अशी पाटी होती आणि बाबा तिच्याकडे बघून म्हणत होते, तो तर आता मला कुणीच देत नाही.

हे खरं आहे, आत्या. गेली काही वर्षं बाबांची पक्की समजूत आहे की जग उद्धट झालंय. ऑफिसातल्या जुन्या मित्रांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या, उत्तर नाही. पाणी पिवळं येतं म्हणून नगरपालिकेला लिहिलं, उत्तर नाही. (हे मला फारसं संशयास्पद वाटलं नाही.) मित्र फोन करून म्हणायचे, अरे, तुझा मेल आलाच नाही. बाबा म्हणायचे, पाठवलाय, नीट बघ, आणि फोन ठेवून आईला सांगायचे, खोटं बोलतो, लेकाचा.

मंगळवारी कॉम्प्युटरवाला आला. दोन मिनिटं माऊस फिरवला आणि म्हणाला, काका, सगळं पुसून नवीन टाकू, अर्ध्या तासात चकाचक. बाबांनी विचारलं, आणि आतली पत्रं? तो म्हणाला, जुनी पत्रं घेऊन काय करायचंय? आत्या, बाबांनी त्याला चहा पाजला, दारापर्यंत पोचवलं, लिफ्टचं बटण दाबून दिलं आणि परत येऊन कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला. आता त्याला कुणी हात लावायचा नाही म्हणाले. चौदा वर्षांची पत्रं आहेत त्यात. मग टॉवेलकडे बघत म्हणाले, तिचीपण आहेत. 'तिची' म्हणजे कुणाची हे आई आणि मी, दोघींनीही विचारलं नाही. आई एकदम भाजी निवडायला लागली. भाजी आधीच निवडलेली होती.

म्हणून मी हे काम अंगावर घेतलं. (मलाही यातलं काही कळत नाही, पण कळतंय असं मी आत्मविश्वासाने सांगत नाही, एवढाच माझ्यात आणि कॉम्प्युटरवाल्यात फरक.) माझ्या मैत्रिणीचा भाऊ हीच कामं करतो. तो फोनवरून सांगायचा आणि मी करायचे. त्याचं पहिलं वाक्य होतं, आधी नेट बंद कर, म्हणजे प्रोग्रॅम बाहेर बघायचं सोडून आत बघेल. आता आमचं नेटचं खोकं आहे कपाटावर आणि कपाटापर्यंत पोचायला घरात एकच वस्तू आहे. होय, तीच. तू पडद्याची दांडी बसवायला नेलीस आणि परत आणलीस तेव्हा जिच्या एका पायाचं रबरी बूच गायब होतं, ती शिडी. बूच तू हरवलंस असं बाबा म्हणाले, बूच नव्हतंच असं तू म्हणालीस, मग तुझी शिडी तूच चढ असंही म्हणालीस, आणि तेव्हापासून ती कुणीच चढलेलं नाही. मी चढले. तिसऱ्या पायरीवर शिडीने मत बदललं. मी, शिडी आणि कपाटावरची रिकामी बॅग असे तिघं एकदमच खाली आलो. (नेट मात्र बंद झालं. वायर माझ्या हातात होती.)

तर मी जमिनीवर आडवी. बाबा धावत आले आणि आधी शिडी उचलली. मी तशीच पडून टेबलाखाली बघत होते, कारण मान तेवढीच वळत होती. आणि आत्या, कॉम्प्युटरच्या टेबलाच्या मागच्या डाव्या पायाखाली, जिथे फरशी खचलीये तिथे, एक काळं रबरी बूच छान बसवलेलं होतं. बाकीच्या तीन पायांना काही नव्हतं. मी बाबांकडे बघितलं. बाबा पंख्याकडे बघत होते.

पुढचे तीन दिवस दुरुस्तीत गेले. आधी पत्रांची अख्खी फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, म्हणजे पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर दगावला तरी पत्रं वाचतील. तिला चार तास लागले आणि बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले, दवाखान्याच्या बाहेर बसतात तसे. मग प्रोग्रॅम साध्या अवस्थेत चालू केला, त्याला वरून जोडलेली सगळी जास्तीची कामं बंद करून. मग दुरुस्तीचं अवजार चालवलं. ते एक्क्याण्णव टक्क्यांवर दीड दिवस थांबलं. शेवटी सगळं उघडलं, नेटही परत जोडलं. चौदा वर्षांची पत्रं जिथल्या तिथे. तुझ्या पत्रांचं वेगळं फोल्डर आहे, नाव नुसतं 'ताई'.

आणि मग कळलं की प्रोग्रॅम गोठला कशामुळे. आउटबॉक्स. म्हणजे पाठवलेली पत्रं बाहेर पडण्याआधी क्षणभर टेकतात तो कप्पा. त्यात दोनशे चौदा पत्रं टेकलेली होती. चार वर्षांपासून. जवळजवळ प्रत्येकाला बाबांच्या हातचा नकाशा जोडलेला, आमच्या घरी कसं यायचं याचा, बसस्टॉपपासून जिन्यापर्यंत. तेवढ्या ओझ्याने कुणीही मान टाकेल. सेटिंगमध्ये कुणीतरी एक खूण करून ठेवली होती: पत्र लगेच सोडू नये, आउटबॉक्समध्ये ठेवावं, सांगितल्यावरच सोडावं. बाबा 'पाठवा' दाबायचे, पत्र डोळ्यासमोरून नाहीसं व्हायचं आणि ते उत्तराची वाट बघत बसायचे. (खूण कुणी केली कोण जाणे. घरात माणसं तीन. त्यातल्या एकाला सेटिंग नावाची गोष्ट असते हेच माहीत नाही.)

दोनशे चौदातली एकतीस तुला आहेत. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत, म्हणून मी फक्त विषय वाचले. पहिल्या नऊंचे विषय सांगण्यासारखे नाहीत. दहाव्याचा विषय 'बूच', तारीख साडेतीन वर्षांपूर्वीची. ते उघडलं. (हो, उघडलं. तू काय केलं असतंस?) बाबांनी लिहिलंय, "ताई, बूच सापडलं. तुला शिडी द्यायच्या आदल्या दिवशी मीच काढून टेबलाखाली लावलं होतं, आणि विसरलो. चूक माझी. टेबल हलतं म्हणून काढत नाहीये, पण तू म्हणशील तर काढतो." एवढंच. पुढच्या एकवीस पत्रांचा विषय 'मागचं मिळालं का?'

तर हे असं आहे. बाकी क्षेमकुशल. काकांना नमस्कार सांग.

तुझी,
किटली

ता. क. खरं काम राहिलंच. ही पत्रं अजून आउटबॉक्समध्येच आहेत. सोडली तर पहिली नऊपण सुटतील, आणि नववं फारच वाईट आहे. बाबांना सांगितलं तर खूण कुणी केली ते निघेल. म्हणून तूच फोन कर आणि म्हण, तुझं बूचवालं पत्र मिळालं. मधलं सगळं मी गुपचूप पुसते. ती खूण मी केली होती, आत्या. भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी बाबा दातओठ खात तुला लिहायला बसले होते. म्हटलं, दोन दिवस पत्र अडवावं, राग उतरला की काढू. आणि विसरले. (विसरणं आमच्या घराण्यात आहे. तुमच्याही.)

ता. क. २ वरचं लिहून पाकीट आणायला आत गेले. तेवढ्यात बाबा कॉम्प्युटरवर बसले. आउटबॉक्सचा आकडा बघितला. म्हणाले, ही इथे काय करतायत? मी म्हटलं, निघाली होती, वाटेत थांबली. त्यांनी 'सगळी पाठवा' दाबलं. नववं वाचू नकोस.

ता. क. ३ तू आत्ता फोन केलास ना? इकडून एवढंच ऐकू आलं. "हं." "हो, टेबलाखाली." "नाही गं, पहिल्यापासून तिथेच." "नववं कशाला वाचलंस?" मग बाबा हसले. हे हसू घरात असतं हे मी विसरले होते. फोन ठेवला आणि टेबलाखाली शिरून बूच काढलं, शिडीला बसवलं. (अक्षर वाकडं येतंय ते टेबल हलतंय म्हणून.) आता शिडी खांद्यावर घेऊन तुझ्याकडे निघालेत. पडद्याची दुसरी दांडी बसवायचीये म्हणे. बसवाले शिडी घेत नाहीत, म्हणून चालत.

हे पत्र त्यांच्याच खिशात देतेय, पाकीट नीट चिकटवून. एकच विनंती. तुला पत्रं मोठ्याने वाचायची सवय आहे. हे मनात वाच. पाकिटावरच तसं लिहिणार होते, पण ते वाटेत बाबाच वाचतील.

आणि सवयीप्रमाणे तू सुरुवातीपासून मोठ्यानेच वाचत आली असशील, तर इथपर्यंत त्यांनी सगळं ऐकलं असेल. तेव्हा बाबा, चूक माझी. शिडीवर असाल तर आधी खाली उतरा. पत्रं अडवायची कल्पना आईची होती.