लंगड्याच्या दोन करवंट्या

माय, हे मी सांगतेय आणि सूनबाई लिहून घेतेय. ती शाळेत शिकवते, त्यामुळं माझं रानातलं बोलणं तिच्या हातातून जाताना तोंड धुऊन, वेणी घालून कागदावर बसतंय. मधेच एखादा शब्द तिनं गुपचूप बदलला की मी विचारते, ‘आता काय लिव्हलंस?’ ती म्हणते, ‘तुम्ही सांगितलं तेच.’ मला अक्षर कळत नाही, पण माणूस कधी खोटं बोलतंय ते कळतं. ते तुझ्याकडून आलंय. आज त्याचंच बोलायचंय, पण जरा दम धर. सरळ मुद्द्यावर आले तर तुला वाटंल, ही माझी लेक नव्हेच.

तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की नांदूरघाटाकडच्या ज्या माळावर आपण मेंढरं बसवायचो तिथं आता मोबाइलचा मनोरा उभा आहे. तरी तू येतेस. रात्री नाही, रात्री मी घोरते असं सूनबाई म्हणते. तू दुपारी येतेस. जेवण झालं की मी इथं सासरी, पालीला, ओट्यावर टेकते, धरणाकडून गार वारं येतं, पापण्या जड होतात, आणि लांबून घंटी वाजते. मग धूळ. धुळीतून आधी मेंढरांच्या पाठी दिसतात, वाहत्या पाण्यासारख्या, आणि मग तू. खांद्यावर घोंगडी, काखेत एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू. तू चालत राहतेस, मागं वळून बघत नाहीस. मी हाक मारत नाही. हाक मारली की जाग येते, हे मला ठाऊक झालंय.

आता मी काय उद्योग करते ते ऐक, म्हणजे हसशील. बीडमध्ये एक निधी आहे. कुणा एका शेठचा नाही. जिल्ह्यातल्या लोकांनी थोडं थोडं घातलं, पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या आपल्याच लेकरांनी घातलं, काही मोठ्या संस्थांनी घातलं, आणि सगळं एका जागी ठेवलं. निधीवाले स्वतः शाळा चालवत नाहीत, दवाखाना चालवत नाहीत. गावोगावी जे बायकांचे गट, लहान लहान संस्था आधीपासून राबतायत, त्यांच्या पाठीशी ते पैशानं उभे राहतात. कुणाच्या पाठीशी राहायचं हे नऊ जण ठरवतात. त्यात डॉक्टर आहे, वकील आहे, निवृत्त हेडमास्तर आहेत, आणि नववी मी, अंगठेबहाद्दर.

मला तिथं माझं तोंड घेऊन गेलं. निधीच्या मॅडम एकदा आमच्या गावात सभा घ्यायला आल्या. चांगली बाई, पण बोलणं सगळं समतेचं. म्हणाल्या, ‘आमचा अर्ज सगळ्यांना खुला आहे.’ आणि तो अर्ज दाखवला. लग्नाच्या याद्यांइतका जाड. मी मागून म्हणाले, ‘बाई, दार उघडं ठिवलंय खरं, पन उंबरा छातीएवढा क्येलाय. ज्याला उडी मारता येती त्योच आत येनार.’ बायका हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. काही दिवसांनी त्यांची गाडी आमच्या दारात उभी राहिली. सूनबाईला वाटलं मी कुणाची तक्रार केली आणि आता चौकशी आलीय. त्या तर मला ‘आमच्यात नववी व्हा’ म्हणायला आल्या होत्या.

पहिल्याच बैठकीत मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली. दुष्काळाचं साल आहे. मी नऊ-दहा वर्षांची आहे. तू मेंढरं घेऊन पाण्यामागं दिवसभर लांब गेलेली, आणि पाच कोकरं माझ्या हवाली. त्यांच्या आयांना दूध नाही, म्हणून शेळीचं दूध करवंटीनं पाजायचं. जाताना तू सांगतेस, ‘लंगड्याला आधी. त्याला दोन करवंट्या, बाकीच्यास्नी एकेक.’ दिवस कलताना तू परत येतेस तेव्हा लंगडं कोकरू मान टाकून पडलेलं. तू माझ्याकडं बघतेस. मी म्हणते, ‘मी तर सगळ्यांना सारखं दिलं.’ तू मारत नाहीस. त्याच्याजवळ बसून म्हणतेस, ‘सारखं कुनी सांगितलं व्हतं? ज्याचे पाय चालतेत ते आपलं शोधून खातंय. ज्याचे चालत न्हाईत त्याच्यापशी आपून जावं लागतंय.’ आणि ते कोकरू तुझ्या मांडीवर जीव सोडतं.

मॅडमनी डोळे पुसले. हेडमास्तरांनी चष्मा पुसला. तुझं ते वाक्य आता कचेरीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलंय. पण नुसतं रंगवून थांबले नाहीत, एवढं त्यांच्याबद्दल चांगलं बोललं पाहिजे. आता ज्या बाईला लिहिता येत नाही ती तोंडी अर्ज सांगू शकते. ज्या गटाला आजवर कुणी काही दिलं नाही त्याचं आधी ऐकायचं, आणि त्याला कचेरीत बोलवायचं नाही, आपण त्याच्या गावाला जायचं. आणि मला आकडे लिहिता येत नाहीत म्हणून ज्या गटाला माझं मत त्याच्या वाटीत मी चिंचोका टाकायची, तर बाकीचेही कागद सोडून चिंचोके टाकायला लागले. वकीलसाहेब पहिल्यांदा लाजले. आता तेच घरून चांगले घासलेले चिंचोके आणतात. आणखी एक नियम आहे, तो त्यांचा जुनाच. गट आपल्या नात्यातला असेल तर आधी सांगायचं आणि त्या वेळी बाहेर जाऊन बसायचं. माझ्यावर ती वेळ कधी आली नव्हती.

या खेपेला आली. शेवटी दोन गट उरले आणि एकालाच देता येणार होतं. एक गट आपल्या नांदूरघाटाकडचा, मेंढपाळ बायकांचा. त्यांना मेंढरांच्या औषधपाण्यासाठी एक शेड हवी, आणि गटातल्याच दोघीतिघींना सुई टोचायचं शिकायचंय. त्या गटाची मुख्य माझी भाचेसून, म्हणजे आपल्या धाकट्याची, माझ्या भावाची सून. शिकलेली आहे. अर्ज असा लिहिलेला की वाचून दाखवताना डॉक्टर दोनदा ‘वा’ म्हणाले. तिनं मला आधीच फोन केला होता. ‘आत्या, तुमी आत हायता म्हनून जिवाला धीर हाय.’ मग तिनं फोन धाकट्याकडं दिला. तो आता कमरेत वाकलाय, तरी मेंढरांमागं जातो. तो एवढंच म्हणाला, ‘अवंदा लई मेली गं, आक्का.’ माय, मला पालीची सून म्हणून सगळे ओळखतात, माझं माहेर कुठलं ते त्या कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. कुणी विचारलं न्हाई, मग कावून सांगायचं, असं मीच मला म्हणाले.

दुसरा गट गेवराईचा. त्याला बघायला आम्ही स्वतः गेलो. हमरस्त्याच्या कडेला गॅरेज, त्याच्या मागं पत्र्याची लांब खोली. ऊसतोडीला गेलेल्या माणसांची लेकरं तिथं राहतात, म्हणजे आईबापामागं फडात न जाता त्यांची शाळा चालू राहते. फळं विकणारी एक विधवा बाई आणि तिच्या चार-पाच शेजारणी ते सांभाळतात. कागद काही नाही. मॅडमनी हिशेबाची वही विचारली तर ती बाई म्हणाली, ‘कागद नै है अम्मा, बच्चे है.’ आणि मॅडमकडं न बघता माझ्याकडं बघून हसली. तिनं ओळखलं होतं, कुणाला काय दाखवायचं ते. मग लेकरं शाळेतून आली. तिनं टोपली काढली, गाड्यावर न खपलेले, थोडे दबलेले पेरू. एकेकाच्या हातावर एकेक ठेवत गेली, आणि कोपऱ्यात बसलेल्या एका पोरीच्या ओंजळीत दोन ठेवले. मी विचारलं, ‘हिला कावून दोन?’ ती म्हणाली, ‘नयी है ना अम्मा. अभी रोती है.’ गाडीत परत येताना सगळे बोलत होते. मी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं म्हातारी पेंगली.

बैठकीच्या दिवशी मी धडधडीत ठरवून गेले होते. मला माझं हत्यार ठाऊक होतं. मी डोळे मिटले, आवाज जरा जड केला, तो मला करता येतो, आणि सुरू केलं, ‘माझी माय मेंढपाळ व्हती.’ सगळे पुढं सरकले. ही गोष्ट त्यांनी दहादा ऐकलीय, तरी सरकतात. मी मनात आखलं होतं, लंगड्यापर्यंत आणायचं आणि तिथून सरळ माळावरच्या मेंढरांकडं वळवायचं. लंगडं कोण, तर मेंढपाळ. वाक्य भिंतीवर होतंच, माझ्या डोक्यामागं. ‘जाताना तिनं सांगितलं, लंगड्याला दोन,’ एवढं म्हणाले, आणि तिथंच थांबले. टेबलावर मला तुझा हात दिसला, माय. तो हात मी गोष्टीत कधीच घेतलेला नाही. त्याचं सांगते, शेवटी सांगते. मॅडम म्हणाल्या, ‘आजी, पाणी देऊ?’ मी म्हणाले, ‘नांदूरघाटाकडचं माझं म्हायेर हाय. त्या गटाची मुख्य माझी भाचेसून हाय.’

हेडमास्तर म्हणाले, ‘आजी, हे आधी सांगायला हवं होतं.’ आयुष्यात शाळेत गेले नाही, तर शिक्षा म्हातारपणी मिळाली. ‘व्हय मास्तर,’ म्हणाले, ‘सांगाया पायजे व्हतं.’ वकीलसाहेबांनी वातावरण हलकं करायला म्हटलं, ‘आज पहिल्यांदाच तुमची गोष्ट अर्धी राहिली.’ मी म्हणाले, ‘ती कदी पुरी झालीच न्हाई, साहेब.’ आणि उठले.

बाहेर लिंबाखाली बाकडं आहे. ऊन पांढरं झालं होतं. मी टेकले, पापण्या जड झाल्या, आणि घंटी वाजली. कचेरीच्या फाटकातून मेंढरं आत येत होती. मोटारसायकलींच्या मधून, शिपायाच्या खुर्चीखालून, जिन्यावरून. कुणी हाकलत नव्हतं. शिपाई पाय वर घेऊन बसला होता, जसं पूर आल्यावर बसतात. मागून तू. तू या खेपेला थांबलीस. वळलीस. मला वाटलं काही बोलशील, पण तू नुसता हात पुढं केलास, पालथा, जसा कशाच्या तरी पोटाखाली घालायचा असतो. मग ‘आजी’ अशी हाक आली आणि ऊन परत पिवळं झालं. चिंचोका माझ्या मुठीतच राहिला होता. तळहातावर त्याचा वण उठला होता.

मदत गेवराईला गेली. आठातले पाच चिंचोके तिकडं पडले. माझा इकडं पडला असता तरी पाचच जास्त होते. पण माय, मी काय नुसता चिंचोका टाकणार होते का? ती गोष्ट पुरी केली असती तर त्या पाचातले तीन मी माझ्या बाजूला ओढले असते, आणि त्यांना वाटलं असतं, आपणच ठरवलं.

भाचेसुनेचा फोन त्याच दिवशी आला. ‘आत्या, समद्या जगासाठी गोष्टी सांगता, आमच्या टायमाला तोंड शिवलं व्हतं का?’ मी म्हणाले, ‘शिवलं न्हाई, उघडलं. तितंच चुकलं.’ ती हसली नाही. धाकटा फोनवर आला नाही. या पंचमीला माहेरचं बोलावणं आलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मॅडम म्हणतात, पुढच्या खेपेला त्या गटाचं आधी बघू. बघतील. मी तेव्हाही बाहेर लिंबाखाली असेन. त्यांचीही मेंढरं मेलीच होती गं. कोण जास्त लंगडं, ते मला अजून सांगता येत नाही. परक्या कोकराच्या पोटावर हात फिरवला की कळतं. आपल्याच्या पोटावर ठेवला की हात लाड करायला लागतो.

आता तो हात. त्या संध्याकाळी ‘सारखं दिलं’ असं मी म्हणाले, आणि लंगड्याजवळ बसायच्या आधी तू दुसऱ्याच कोकरापाशी गेलीस. कपाळावर पांढरा टिळा असलेलं, दिवसभर माझ्या मागं फिरणारं, माझ्या परकराची नाडी चघळणारं. तू खाली वाकून त्याच्या पोटाखालून हात फिरवलास. डफासारखं तट्ट होतं. मग माझ्याकडं बघितलंस. लई वेळ बघितलंस. आणि मगच लंगड्यापाशी येऊन म्हणालीस, ‘सारखं कुनी सांगितलं व्हतं?’ माझं खोटं तू उघडं पाडलं नाहीस. मी जेवढं कबूल केलं, तेवढ्यापुरतंच तू मला रागावलीस.

सूनबाईचं पेन थांबलंय. ती विचारतेय, ‘आई, मग ते भिंतीवरचं?’ भिंतीवरचं खरं आहे, ते तुझं आहे. त्याच्याखाली जी गोष्ट उभी आहे, ती तेवढी माझी. हे पाठवणार कुठं, असंही विचारतेय. कुठं पाठवायचंय, तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही. ज्वारीच्या कोठीत ठेव म्हणाले, खालपर्यंत ज्वारी संपली तर सापडेल कुणाला तरी. पण आधी एवढं लिही, आणि या खेपेला शब्द बदलू नको.

सारखं दिलं न्हवतं मी, माय. लंगड्याच्या दोन्ही करवंट्या टिळेवाल्याला पाजल्या. लंगडं बघत व्हतं.