दारावरचं 'बंद'

गुरुवार, मार्च २००९, संध्याकाळ

तीन दिवस लिहीन लिहीन म्हणतो, अन् वही उघडली की बाहेर निघून जातो. लाज वाटते, दुसरं काय.

वस्ती पाडायच्या आधी नगर परिषदेची माणसं घरं पाहायला येणार होती. विहारातल्या मीटिंगमध्ये ठरलं होतं, प्रत्येक उंबरठ्यावर कोणीतरी बसायचं. रिकामी घरं आधी पडतील, अन् एक पडलं की साऱ्या ओळीत बुलडोझरला वाट होईल. माय राइस मिलमध्ये कामाला, म्हणून आमचा उंबरठा माझ्याकडे. अन् मी सालेकसाच्या जंगलाकडे निघालेला ट्रक दिसला म्हणून कडी घालून चढलो. कायले? मोहाची झाडं फुलली असतील म्हणून. बस्स.

परतलो तर नगर परिषदेची माणसं येऊन गेलेली, दारावर खडूनं 'बंद'. म्हणजे रिकामं घर.

माय ओरडली नाही. "बसून राहिला असता त झिजला असता का रे?" एवढंच बोलली. ओल्या फडक्यानं दोनदा पुसलं, तरी 'बंद' दिसूनच राहिलं.

आता शेजाऱ्यानं नगर परिषदेला लिहून द्यायचं, की इथं माणसं राहतात. उद्यापर्यंत. भिंतीला लागून शेजारीण एकच, शेवंताकाकू. नालीच्या भांडणापासून चार वर्षं मायशी अबोला. मी दोनदा तिच्या दारातून परत आलो. तोंड कसं उघडू?

थांबतो. काकूच आली. मायला म्हणते, "तुहं घर पडलं त माही भिंत बी जाते. कागद आण." अन् आमच्या उंबरठ्यावर बसली आहे.