कात्री चालू, तोंड बंद

प्रिय दादा,

तुझा धाकटा भाऊ सुधारला, असं गिऱ्हाईकं म्हणायला लागली होती. सलूनमध्ये मी अवाक्षर काढत नव्हतो. कात्री चालू, तोंड बंद. लोक खूश. मला मात्र सकाळी शटर वर करणंसुद्धा जिवावर यायचं. फोनवर तू म्हणालास, "मन घट्ट कर." दादा, तेही करून पाहिलं. इतकं घट्ट झालं की हसूही बाहेर पडेना.

मग एकदा टकले कंडक्टरकाका खुर्चीत बसले. माझ्या बडबडीला सगळ्यात वैतागलेलं गिऱ्हाईक. अर्धे केस कापून झाल्यावर म्हणाले, "हल्ली माझ्या टकलावरून बोलत नाहीस तू. माझी बायको अशीच गप्प झाली होती. हा आजार आहे बाबा, औषध असतं त्याला." आणि तशाच अर्धवट डोक्यानं ते मला मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंना आधी कळेचना, दोघांतला पेशंट कोण.

आता गोळ्या चालू आहेत, बाईंशी बोलणंही होतं. हळूहळू चव आली जेवणाला. आज काका आले तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, "काका, तुमचे केस कापायला नाही, शोधायला वेळ लागतो."

ते खेकसले, "गप्प बस रे."

अख्खं दुकान हसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं गोड मला कुणी कधी बोललं नव्हतं.

हे पत्र टाकत नाही, फोनच करतो. आधी जेवून घे. मी लवकर थांबणार नाही.

तुझा,
बडबड्या